तुणतुण्याची कुचेष्टा

वाद्ये आणि वादक यांवरील विनोद मराठीत विपुल आहे. परंतु त्याची छाननी आमच्या समीक्षेने फारशी केलेली नाही. ग्रंथांच्या आधी तो बोलण्यात शोधावा लागतो. आत्मस्तुती करणारा स्वतःची टिमकी वाजवितो, एकच रडगाणे गाणाऱ्याचे तुणतुणे चालू असते आणि यशाची खात्री नसलेला उद्योग म्हणजे गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली! यांतील गंमत नाकारण्याचे कारण नाही. मात्र आपण हसतो कोणत्या वाद्यांना, हे एकदा पाहावे.

तुणतुण्याचेच घ्या. तळाशी चामड्याने मढविलेले लाकडी नळकांडे, बाजूस काठी आणि एकच तार. गोंधळ्याच्या वा शाहिराच्या मागे उभा असलेला साथीदार ती तार छेडीत राहतो, म्हणून गाणाऱ्याचा सूर ढळत नाही. बैठकीत तंबोरा याहून निराळे काय करतो? त्याच्या तारा चार, नाद अधिक भरीव, हे खरे. पण रात्रभर तेच स्वर तोही पुन्हा पुन्हा सांगत असतो. त्यास आपण आधार म्हणतो आणि तुणतुण्यास कटकट. हा निवाडा कानाने दिलेला आहे, असे आम्हांस वाटत नाही. टिमकी, पुंगी, तुणतुणे ही अंगणात, रस्त्यावर, बहुधा झोळीच्या शेजारी वाजणारी वाद्ये. सनई तेवढी सुटली, कारण ती देवळात आणि लग्नमंडपात लागते. सनईवाल्याचे पान मात्र पुष्कळ ठिकाणी निराळेच मांडले गेले.

पु. ल. देशपांडे यांचा विनोद या दृष्टीने वेगळा आहे. ते स्वतः पेटी वाजवीत. परकी, ठराविक स्वरांत अडकलेली, मींड न देऊ शकणारी म्हणून पेटीस नभोवाणीने १९४० मध्ये मज्जाव केला. तो १९७१ मध्ये सैल झाला. मधल्या काळात पु. ल. काही वर्षे त्याच नभोवाणीच्या नोकरीत होते! ‘गणगोत’ (१९६६) मधील बेळगावचे रावसाहेब आठवावेत. त्यांच्या कानडी वळणाच्या शिवराळ बोलण्यात गाण्याबजावण्याचे वेड ओसंडते; आणि ते टिपणारा लेखक त्याच बैठकीतला, वाजविणाऱ्यांपैकी एक आहे. म्हणूनच ते हसू कोणास बोचत नाही.

परंतु तीही बैठकच. तुणतुणेवाल्याच्या बाजूचा विनोद हवा असेल तर तमाशाच्या फडाकडे वळावे लागते. तेथे सोंगाड्या साथीदारांची खोडी काढतो, तसा पाटलाची आणि राजाचीही काढतो, आणि साथीदार त्यास जागच्या जागी उत्तर देतात. वगाच्या छापील प्रतीत या झटापटींतले फारच थोडे उतरते, कारण दर रात्री त्या नव्याने घडतात.