चार कोटी अंकांच्या बातमीत काय राहिले?

ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरँट या अमेरिकी अभियंत्याने एक प्रचंड मूळ संख्या शोधली. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात घ्यावा व त्यातून १ वजा करावा, ही ती संख्या. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. अशा बातमीत सगळा भर अंकांच्या मोजणीवर आणि यंत्रांच्या ताकदीवर असतो. ‘सर्वांत मोठी मूळ संख्या’ असेही सहज म्हटले जाते. वास्तविक मूळ संख्या अनंत आहेत, हे युक्लिडने सिद्ध केले आहे. म्हणून ‘तोवर ज्ञात असलेल्यांत’ हे शब्द गाळता येत नाहीत.

याहून मोठी उणीव वेगळीच आहे. ही संख्या मूळ आहे, हे ठरवले कसे? एकेका संख्येने भागून पाहणे कोणत्याही यंत्राला अशक्य आहे. अंतिम खात्री ल्युका-लेमर कसोटीने झाली आणि ती कसोटी वर्गात फळ्यावर करता येते.

५ हा घातांक घेऊ. २ चा ५ वा घात वजा १ म्हणजे ३१. आरंभी ४ घ्या. वर्ग करून २ वजा करा, ३१ ने भागून बाकी ठेवा. घातांकापेक्षा दोनने कमी, म्हणजे तीन वेळा असे करा: १४, ८, ०. शेवटी शून्य आले, म्हणून ३१ मूळ आहे.

बाकी न काढता हीच साखळी लिहिली तर ४, १४, १९४ असे आकडे येतात. त्यांची निमपट २, ७, ९७. आता पाहा: २×२ − ३×१×१ = १, ७×७ − ३×४×४ = १, ९७×९७ − ३×५६×५६ = १. ही वर्गप्रकृती समीकरणाची उत्तरे आहेत. एका उत्तरावरून पुढचे काढण्याची रीत म्हणजे ब्रह्मगुप्ताची ‘भावना’. भास्कराचार्यांच्या बीजगणितात ती सविस्तर येते. कसोटीची सिद्धताही याच समीकरणाच्या आधाराने देता येते.

भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापल्याचा १२०७ चा शिलालेख चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे आहे. जळगाव-धुळ्याच्या शिक्षकांना हा दुवा हाताशी आहे. मात्र ही कसोटी भास्कराचार्यांना ठाऊक होती असे सांगणे चूक ठरेल. तिच्यातले एक साधन त्यांच्याकडे होते, एवढेच खरे. आणि तेही थोडे नाही.

विद्यार्थ्यांना ७ आणि ११ हे घातांक द्यावेत. १२७ ला पाचव्या खेपेस शून्य येते. २०४७ ला नवव्या खेपेसही येत नाही; कारण ११ मूळ असली, तरी २०४७ = २३ × ८९. चार कोटी अंक ऐकून मूल थक्क होईल. ही दोन उदाहरणे स्वतः केली, तर त्याला ती बातमी कळेल.