संतपट आणि आजचा प्रेक्षक

प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ हा बोलपट १९३६ च्या अखेरीस मुंबईत प्रदर्शित झाला आणि तेथे वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट-महोत्सवात त्याचा गौरवही झाला. दामले-फत्तेलाल ह्यांची ही कृती आज पाहणारा प्रेक्षक विष्णुपंत पागनीसांच्या गायनाला मान डोलावतो. परंतु गरुडाचे विमान आकाशातून उतरू लागले की त्याला हसू आवरत नाही. ह्या हास्याचे स्वरूप तपासून पाहण्याजोगे आहे.

युक्तिदृश्यांची कारागिरी जुनी झाली, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. ते पुरेसे नाही. दशावतारातील लाकडी मुखवटा पाहून कोणी हसत नाही. कारण तेथे संकेत ठाऊक असतो. श्रद्धा ओसरली, हे दुसरे कारण. तेही पूर्णतः टिकत नाही. ‘जय संतोषी माँ’ १९७५ साली आला, तेव्हा चित्रपटगृहात पादत्राणे काढून बसणारे प्रेक्षक होतेच. तेव्हा प्रश्न केवळ काळाचा नसून संकेताच्या परिचयाचा आहे. १९३६ चा मराठी प्रेक्षक कीर्तनात आणि महीपतीच्या संतचरित्रांत वाढलेला होता. वह्या इंद्रायणीतून तरून येणार, हे त्याला आधीच माहीत असे. पुढे काय घडणार ह्या उत्कंठेपेक्षा, जे घडणार ते कसे घडते ह्यात त्याचा आनंद होता. आजचा प्रेक्षक चमत्काराकडे पुरावा म्हणून पाहतो आणि पुरावा लटका ठरताच हसतो.

वस्तुतः आजच्या प्रेक्षकाला जो संशय आपला वाटतो, तो ह्या चित्रपटात अगोदरच जिजाईच्या रूपाने वावरत आहे. गौरी ह्या अभिनेत्रीने साकारलेली ही स्त्री घरातील अन्नान्नदशेचा जाब थेट विठ्ठलाला विचारते. आजारी मुलाला घेऊन, हाती पायताण धरून ती देवळात जाते. अखेरीस वैकुंठाचे आमंत्रण आले असता, मुलाबाळांचे कोण पाहणार, म्हणून ती मागेच राहते. दिग्दर्शकांनी अद्भुताच्या शेजारी चूल मांडून ठेवली आहे, आणि चुलीला कोठेही कमी लेखलेले नाही. विमानाला हसणारा प्रेक्षक जिजाईपाशी गंभीर होतो; पण ती दोन्ही एकाच रचनेची अंगे आहेत, हे त्याच्या ध्यानात येत नाही. विमान काढून टाकले, तर जिजाईच्या नकाराला वजन उरणार नाही.

ह्याउलट, केवळ स्मरणरंजनाने भारावलेला रसिकही कृतीला न्याय देत नाही. शांताराम आठवले ह्यांनी ह्या चित्रपटासाठी रचलेले एक पद अनेकांनी तुकोबांचाच अभंग मानले. आठवल्यांच्या प्रतिभेचा हा गौरव खरा. तथापि चित्रपटातील तुकाराम हीच तुकारामाची एकमेव प्रतिमा होऊन बसल्याचेही ते लक्षण आहे. येथे आजच्या चिकित्सक दृष्टीचा आक्षेप ग्राह्य धरावा लागतो. तुकारामांचा विरोध एका समाजव्यवस्थेशी होता. चित्रपटाने त्या विरोधाचा बराचसा भार सालोमालो ह्या मत्सरी, हास्यास्पद खलपुरुषावर टाकला आहे. वह्या बुडविण्याची आज्ञा देणारे रामेश्वरशास्त्री पुढे शरण येतात. त्यामुळे ती आज्ञा ज्या अधिकारातून आली तो अधिकार अबाधितच राहतो. गाथेतील धारदार तुकाराम पागनीसांच्या सौम्य मुद्रेत काहीसा हरवला आहे.

म्हणजे आजचा प्रेक्षक हसतो तेथे चित्रपट समर्थ आहे, आणि तो निमूटपणे पुढे जातो तेथे चित्रपट दुबळा आहे. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तेव्हापासून जुन्या कृतींच्या जतनाला संस्थेचे बळ मिळाले. परंतु फीत जपली म्हणून पाहण्याची रीत आपोआप जपली जात नाही. संतपटाचे संकेत समजावून देणे आणि त्याच वेळी त्याने काय टाळले हे दाखविणे, ही दोन्ही कामे समीक्षेने एकत्रच करावयास हवीत.