उपग्रहचित्रें आणि इंदापूर-बारामतीचे कागद : एका नव्या साधनाची चिकित्सा

उपग्रहांनीं टिपलेलीं भूचित्रें आणि त्यांवरून संगणकांत तयार केलेले नकाशे यांच्या आधारें गांवें, शहरें व शेतजमिनी यांचा इतिहास मांडण्याकडे अभ्यासकांचा कल अलीकडे वाढला आहे. हा कल स्तुत्य आहे. तथापि नवें साधन हातीं आलें म्हणजे चिकित्सा प्रथम व उपयोग मागाहून, हा संशोधनाचा जुना दंडक आहे. मोडी कागद हातीं आला असतां आपण त्याचा शिक्का, मोर्तब, तारीख व हस्ताक्षर तपासतों. तो अस्सल कीं नक्कल, समकालीन कीं मागाहूनचा, हें ठरविल्यावांचून त्यांतील एकही वाक्य प्रमाण मानीत नाहीं. उपग्रहचित्रास ही कसोटी क्वचितच लावली जाते. आकाशांतून काढलेलें, तेव्हां तें खरेंच असणार, अशी समजूत दिसते. ही समजूत कितपत टिकते हें पुणें जिल्ह्यांतील इंदापूर व बारामती या दोन तालुक्यांच्या उदाहरणानें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हें उदाहरण निवडण्यास कारण आहे. पेशवे दप्तरांत इंदापूर परगण्याचे कागद विपुल आहेत. त्यांच्या आधारें १७६१ ते १८२८ या काळाचा सामाजिक व आर्थिक अभ्यास मिचिहिरो ओगावा या जपानी संशोधकानें केलेला आहे. याच परगण्यांत इंग्रजी अमदानीच्या आरंभीं जमीनमोजणीचे दोन मोठे प्रयोग झाले. भीमा व नीरा यांच्या दुआबांतील ही भूमि कागदांत जितकी बारकाईनें नोंदली गेली आहे, तितकीच ती गेल्या दीडशें वर्षांत पालटलीही आहे. साधनाची पारख करावयाची तर ती अशाच ठिकाणीं करावी.

प्रथम हें चित्र म्हणजे काय तें पाहूं. भूमीच्या निरीक्षणासाठीं सोडलेल्या लँडसॅट मालिकेंतील पहिला उपग्रह २३ जुलै १९७२ रोजीं आकाशांत गेला. त्याच्या चित्रांतील एकेक कण, ज्यास पिक्सेल म्हणतात, तो जमिनीवर सुमारें ८० मीटर बाजूचा होता. म्हणजे आपल्या हिशेबानें दीड एकराहून किंचित् अधिक. १९८२ पासून ही बाजू ३० मीटरांवर आली व कण सुमारें नऊ गुंठ्यांचा झाला. भारताचा आयआरएस-१ए हा उपग्रह १७ मार्च १९८८ रोजीं सुटला. त्याची दृष्टि या दोहोंच्या दरम्यानची होती. २०१५ मध्यें सुटलेल्या सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाचा कण १० मीटर बाजूचा, म्हणजे जवळजवळ बरोबर एका गुंठ्याचा आहे. यावरून सहज कळेल कीं, पहिल्या दहा वर्षांच्या चित्रांत कुणब्याचें लहान शेत, विहीर किंवा देऊळ शोधणें व्यर्थ होय. जो अभ्यासक १९७३ च्या चित्रांत 'विहिरी दिसत नाहींत' म्हणून विहिरी नव्हत्या असें म्हणेल, तो ठिपक्याच्या आकाराचा दोष जमिनीच्या माथीं मारील.

दुसरी गोष्ट अशी कीं, उपग्रह पीक पाहत नाहीं. तो परावर्तित प्रकाश मोजतो. हिरवें पान डोळ्यांस न दिसणारे तांबड्यापलीकडचे किरण जोरानें परत फेंकतें, पाणी ते गिळून टाकतें, उघडी काळी जमीन थोडे फेंकते. या तीन आंकड्यांवरून 'येथें पीक', 'येथें पाणी', 'येथें पडीक' असें ठरविणारा अभ्यासक असतो, उपग्रह नव्हे. चित्र ही साक्ष आहे. निवाडा मनुष्यच करतो. तेव्हां निवाड्याची तपासणी करावयाची ती शब्दांपासून केली पाहिजे. 'पडीक', 'गांव' व 'शीव' हे तीन शब्द आम्ही येथें घेतों.

'पडीक' हा शब्द प्रथम घेऊं. उपग्रहाच्या नकाशांत ज्या दिवशीं चित्र टिपलें त्या दिवशीं जेथें हिरवळ नाहीं, ती जमीन प्रायः पडीक या सदराखालीं जाते. अनेक तारखांचीं चित्रें ताडून हा दोष कमी करतां येतो, पण सर्वच तसें करीत नाहींत. आतां इंदापुराकडील जिराईत जमिनीचा मुख्य आधार रब्बीची ज्वारी. ती फाल्गुनाच्या सुमारास निघते. एप्रिलचें चित्र घेतलें तर उत्तम ज्वारीची काळीभोर जमीनही ओसाड दिसते आणि हिरवा दिसतो तो केवळ ऊस. एका चित्रावरून परगण्याचा 'सुपीक' व 'नापीक' असा विभाग करणें म्हणजे एका महिन्याच्या जमाखर्चावरून सबंध सालाचा ताळेबंद लिहिणें होय.

परंतु खरी अडचण याहून खोल आहे. जमाबंदीच्या झाडत्यांत 'पडीक' म्हणजे ज्या जमिनीचा वसूल त्या सालीं सरकारांत येत नाहीं ती. ती उत्तम काळीही असेल. १८०२ च्या ऑक्टोबरांत बारामतीजवळ यशवंतराव होळकरानें पेशव्यांच्या फौजेचा मोड केला. पुढें हा सर्व मुलूख लुटीनें व लागलीच १८०३-०४ च्या दुष्काळानें उजाड झाला. त्यानंतरच्या कागदांत जी पडीक दिसते, ती मातीनें पाडलेली नव्हे; ती माणसें परागंदा झाल्यानें पडली. सरकारानें इस्तावा देऊन, म्हणजे पहिल्या सालीं थोडी व पुढें चढत जाणारी आकारणी ठरवून, रयतेस परत आणण्याचे कौल दिले, ते याचसाठीं. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ जो एका रकान्यांत घालील, त्याचा नकाशा कितीही सुबक असला तरी इतिहास म्हणून तो खोटा ठरेल. देशांतील पडीक भूमीचा उपग्रहचित्रांवरून सिद्ध केलेला नकाशासंग्रह २००० सालीं प्रथम निघाला. तो आजच्या विकासकार्यास फार उपयोगी आहे. परंतु अठराव्या शतकांतील पडिकेचा शोध त्याच्या आधारें घेऊं नये.

हिरव्या रंगाचेंही तसेंच. आज चित्रांत नीरेच्या उत्तरेस जो अखंड हिरवा पट्टा दिसतो, तो नदीचा स्वभाव नव्हे. भाटघरच्या धरणाचें पाणी नीरेच्या डाव्या कालव्यानें १८८५ च्या सुमारास या भागांत खेळूं लागलें; त्यामागून ऊस आला, आणि विसाव्या शतकांत वालचंदनगर, माळेगांव व सोमेश्वर येथील साखर कारखाने आले. कालव्याच्या वरच्या अंगास कोरडें व खालच्या अंगास हिरवें असा जो रेखीव भेद दिसतो, तो मातीच्या कसाचा नसून पाण्याच्या पातळीचा आहे. पेशवाईंतील एखाद्या गांवाचा वसूल अधिक कां, याचें उत्तर या पट्ट्यांत शोधणें म्हणजे नातवाच्या मिळकतीवरून आजोबांची श्रीमंती ठरविणें होय.

'गांव' या शब्दाकडे वळूं. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्यें पुरें झालें. त्याचा एकूण सांठा सुमारें ११७ अब्ज घनफूट असून, फुगवट्याखालीं इंदापूर तालुक्यांतील भीमाकांठचीं गांवें गेलीं. तीं उठून वर वसलीं. नांवें तींच राहिलीं, जागा पालटल्या. पळसदेव हें प्रसिद्ध उदाहरण. जुनें गांव पाण्यांत आहे आणि सांठा ओसरला म्हणजे जुन्या देवळाचें शिखर व मंडप वर येतात. आतां कल्पना करा कीं, एखाद्या अभ्यासकानें पेशवे दप्तरांतील गांवांची यादी घेऊन संगणकास आजच्या नांवांशीं जुळविण्यास सांगितलें. संगणक मुकाट्यानें तसें करील. गांव नदीवरून उचलून माळावर ठेवला जाईल, आणि मग 'या गांवास नदीचें पाणी नसतां इतका वसूल कसा' असा कूटप्रश्न निर्माण होईल. हा प्रश्न इतिहासाचा नाहीं, नकाशानें उत्पन्न केलेला आहे.

येथें उपग्रहचित्रांचा खरा उपकारही सांगितला पाहिजे. १९७२ नंतरचीं लँडसॅटचीं पहिलीं चित्रें पाणी चढण्यापूर्वींचीं आहेत. अमेरिकेच्या हेर उपग्रहांनीं १९६० ते १९७२ या काळांत घेतलेलीं कोरोना नांवाचीं छायाचित्रें १९९५ मध्यें खुलीं झालीं. त्यांतील उत्तम छायाचित्रांत सहा फुटांची वस्तूही ओळखूं येते. बुडालेलीं गांवठाणें, वाटा व उतार हुडकण्यास याहून चांगलें साधन दुर्मिळ. अशा ठिकाणीं चित्र हा अस्सल व समकालीन कागद ठरतो, कारण त्यानंतर ती भूमीच दृष्टीआड झाली. आमचा आक्षेप चित्रावर नाहीं. चित्राची तारीख न पाहतां त्यास त्रिकालज्ञ मानण्यावर आहे.

शहरांविषयीं हेंच म्हणतां येईल. बारामतींत कऱ्हेच्या कांठचा बाबूजी नाईकांचा वाडा आणि औद्योगिक वसाहतीचें पत्र्याचें छप्पर हीं दोन्ही चित्रांत 'बांधकाम' या एकाच सदरांत पडतात. नगर किती पसरलें, कोणत्या दिशेनें पसरलें, किती शेतजमीन त्यानें खाल्ली, हें चित्र उत्तम सांगतें. कसबा कोणता, पेठ कोणती, मोरोपंत ज्या बारामतींत राहिले ती केवढी होती, हें सांगणें त्याच्या आवांक्याबाहेरचें आहे. त्यासाठीं घरपट्टीचे व पेठेचे कागदच हवेत.

तिसरा शब्द 'शीव'. संगणकाच्या नकाशांत सीमा ही बिनजाडीची रेघ असते. महजरांत ती ओढा, वारूळ, चिंचेचें झाड, धोंडा, देऊळ अशा खुणांची माळ असते, आणि तंटा पडला म्हणजे गोताच्या समक्ष, शिवेचे माहितगार म्हणून महार वतनदारांच्या साक्षीनें ती पुन्हां ठरे. शिवाय तालुका म्हणजे परगणा नव्हे. ब्रिटिश दप्तरांत बारामती भीमथडी या तालुक्यांत पडते; इंदापूर परगणा व आजचा इंदापूर तालुका यांच्या हद्दीही एक धरून चालणें बरोबर नाहीं. आजच्या तालुक्याची रेघ घेऊन तींत जुने आंकडे भरणें ही सर्रास होणारी चूक आहे. बिघ्याचेंही मान असेंच. वीस काठ्यांचा पांड व वीस पांडांचा बिघा हें खरें. पण काठी पांच हात पांच मुठींची, आणि हात कोणाचा हें ठिकाणावर अवलंबून. गुंठ्याएवढा चित्रकण सर्वत्र सारखा, बिघा तसा नाहीं.

नेमकें माप म्हणजे सत्य नव्हे, हा धडा इंदापुरानें एकदां महाग किंमत देऊन शिकविला आहे. १८२८ च्या सुमारास प्रिंगल या अधिकाऱ्यानें शेतवार मोजणी केली, प्रत्येक प्रतीच्या जमिनीचें उत्पन्न व खर्च काढून निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरविला. हिशेब अत्यंत बारीक होता. त्यांत शिरलेली माहिती मात्र विश्वसनीय नव्हती. परिणामीं रयतेनें जमिनी सोडल्या. १८३५ पासून गोल्डस्मिड व विंगेट यांनीं इंदापुरांतच नवी पद्धत आरंभिली. तींत मातीची खोली, पोत, चुनखडी, वाळू, उतार असे दोष शेतांत उभें राहून पाहात व जमिनीची सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत नऊ प्रतींत वांटणी करीत. उपग्रहचित्रांचे जाणकार आज ज्यास स्थलपडताळणी म्हणतात, ती हीच. ज्या परगण्यांत ती न केल्याचें फळ कागदोपत्रीं नमूद आहे, त्याच परगण्याचा नकाशा पडताळणीवांचून कोणी करावा हें आश्चर्य होय.

आतां दुसऱ्या बाजूचेंही बोललें पाहिजे. कागद जमविणारे व छापणारे यांनीं स्थळांची उपेक्षा कमी केलेली नाहीं. महजर छापतात, त्यांतील ओढा व धोंडा कोठें आहे हें टीपेंत कोणी देत नाहीं. थळझाड्यांत शेतांचीं नांवें असतात. तीं थळें आजही वृद्ध शेतकऱ्यांच्या तोंडीं आहेत. सात-बाऱ्यावर मात्र केवळ गटनंबर आहे. ज्या दिवशीं तीं नांवें सांगणारीं माणसें जातील, त्या दिवशीं छापलेला थळझाडा शब्दांची नुसती यादी होईल. पाण्याखालीं गेलेल्या गांवांच्या बाबतींत तर हा दिवस फार जवळ आला आहे. ज्यांनीं तीं शिवारें नांगरलीं, ते आतां वृद्ध झाले आहेत.

तस्मात् आमची सूचना अशी आहे. इंदापूर परगण्यांतील एका भीमाकांठच्या व एका नीराकांठच्या गांवाचे थळझाडे व महजर घ्यावे. मोजणी खात्यांतील जुनीं टिपणें व गांवनकाशे यांवरून थळें बसवावीं. मग तो नकाशा धरणापूर्वींच्या चित्रावर ठेवावा, आणि शेवटीं गांवच्या जाणत्या माणसांस बरोबर घेऊन शिवेवरून चालावें. २०२० पासून स्वामित्व योजनेखालीं गांवठाणांचें ड्रोननें मापन झालें आहे, तेंही गांवठाणापुरतें उपयोगी पडेल. ज्यांच्या संग्रहांत या दोन तालुक्यांचे शिवेचे कागद असतील, त्यांनीं ते प्रसिद्ध करतांना प्रत्येक खुणेचें आजचें ठिकाण शोधून द्यावें. चित्र जमीन दाखवितें आणि कागद तिचें नांव सांगतो. नांवावांचून जमीन मुकी व जमिनीवांचून नांव निराधार. दोहोंची गांठ घालण्याचें काम संशोधकाचें आहे, आणि त्यास फार अवकाश उरलेला नाहीं.