ट्रॉलीखालची रेघ

कापसाच्या हंगामात हिंगणघाटच्या बाजार समितीत ट्रॉल्यांची रांग लागते. सगळ्यांचं लक्ष भावाकडे. मी मात्र वाकून ट्रॉलीखाली बघतो. दोन लोखंडी चॅनल जिथे काटकोनात भेटतात, तिथे वेल्डिंगची वीतभर रेघ असते. खड्ड्याखड्ड्यांतून आलेल्या कापसाचा सगळा भार अशाच रेघांनी पेललेला असतो. रंगाखाली दडलेली ही कारागिरी कुणी थांबून पाहत नाही. पाहावी अशी मात्र ती नक्कीच आहे.

पहिली भेटतात ती वळणं. रेघेवर एकामागे एक बारीक लहरी उमटलेल्या असतात. वितळलेलं लोखंड टप्प्याटप्प्याने थिजत गेलं, त्याच्या या खुणा. लहरी अर्धचंद्राकार आणि सारख्या अंतरावर असल्या की समजावं, हात एका चालीने पुढे गेला. त्या टोकदार, लांबट झाल्या की हाताने घाई केली.

मग रेघेच्या कडा बघाव्यात. कडा दोन्ही चॅनलांत अलगद मिसळल्या असतील, तर करंट बरोबर होता. रेघ उंच फुगून नुसती वर बसली असेल, तर करंट कमी पडला. वेल्डिंगच्या रॉडचं लोखंड वितळलं, पण खालचं पुरेसं वितळलंच नाही. जोड दिसतो, पण धरत नाही. उलट कडेला खाच पडली असेल, तर बहुधा करंट जास्त झाला आणि चॅनलची कडच खाल्ली गेली. ३.१५ मिलिमीटरच्या नेहमीच्या ६०१३ रॉडला साधारण ९० ते १३० अँपिअर लागतात, २.५ च्या रॉडला ६० ते ९०. मशीनच्या चाकावर ठरवायचा तो हा आकडा.

व्होल्टेजचं काय? नवशिका इथेच अडखळतो. मशीन घरातल्या किंवा कारखान्यातल्या विजेचा दाब ५० ते ८० व्होल्टपर्यंत उतरवतं आणि करंट वाढवतं. रॉड लोखंडाला घासून किंचित उचलला की आर्क पेटते, आणि दाब आणखी उतरून वीस-पंचवीस व्होल्टवर येतो. ११० अँपिअर आणि २४ व्होल्ट यांचा गुणाकार सुमारे अडीच किलोवॉट. एवढी ताकद रॉडच्या टोकाशी एकवटते. १५३८ अंशांना वितळणारं लोखंड तिथे क्षणात पाणी होतं.

हे २४ व्होल्ट कुठल्याही चाकावर लावता येत नाहीत. ते रॉडचं टोक आणि लोखंड यांच्यामधल्या फटीवर ठरतात. फट वाढली की व्होल्टेज वाढतं, उष्णता पसरते, ठिणग्या उडतात. फार कमी झाली की रॉड चिकटतो. रॉडच्या जाडीएवढी फट हे सुरुवातीचं माप. रॉड तर जळून सतत आखूड होत असतो, म्हणून हाताला पुढे सरकता सरकता तेवढ्याच वेगाने खालीही उतरावं लागतं. मला या कामातलं सर्वांत सुंदर काही वाटत असेल, तर हे न दिसणारं उतरणं. रेघेच्या आजूबाजूला लोखंडाचे गोल दाणे चिकटलेले नसतील, तर ते उतरणं साधलं होतं.

एकाच रेघेत मध्येच पोत बदललेला दिसला, तर सगळा दोष कारागिरावर टाकू नये. हरभऱ्या-गव्हाच्या पाण्याच्या दिवसांत पंप सुरू झाले की गावातला वीजदाब उतरतो. साध्या ट्रान्सफॉर्मर मशीनचं चाक जिथल्या तिथे असतं, करंट मात्र घटतो आणि रेघ फुगू लागते. जाणता कारागीर आवाजावरून ते ओळखतो. तळणीसारखा एकसंध चरचराट तुटला की तो थांबतो, चाक फिरवतो, मळी ठोकून काढतो आणि पुन्हा सुरू करतो.

ही मळी म्हणजे रॉडवरच्या लेपाचाच उरलेला भाग. विसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्गने रॉडला लेप दिला, म्हणून हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन तापल्या धातूपासून दूर राहू लागले. पावसाळ्यात लेप ओल धरतो आणि रेघेत बारीक छिद्रं पडतात. रॉडचं पाकीट जमिनीवर उघडं टाकणाऱ्या दुकानात मी मुलाला शिकायला पाठवणार नाही. काळी काच न लावता आर्ककडे बघू देणाऱ्या दुकानात तर मुळीच नाही. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, ते आर्कच्या अतिनील किरणांनी. ओल्या हातमोज्यांनी होल्डर धरणंही तितकंच धोक्याचं.

आता रेघेचा शेवट. रॉड झटक्यात उचलला की टोकाशी खोलगट खड्डा राहतो. आकसणाऱ्या धातूला तिथे पुरेसा भराव मिळत नाही, आणि तडा पुष्कळदा तिथूनच सुरू होतो. चांगला कारागीर शेवटी क्षणभर थबकतो, रॉड किंचित मागे आणतो, खड्डा भरतो आणि मगच आर्क तोडतो. ट्रॉली विकत घेणाऱ्याने ट्रॅक्टरला जोडायच्या दांड्याजवळचा हा शेवट तरी बोट फिरवून बघावा.