अडथळा कोणाचा? : तीन मराठी आत्मकथनांतील नोकरी, नाव आणि आत्मप्रतिष्ठा

प्रस्तावना :

महाविद्यालयांत मराठी विभाग आत्मकथने शिकवितो आणि करिअर मार्गदर्शन कक्ष व्यक्तिमत्त्व विकासाची व्याख्याने योजतो. अलीकडे या दोन्ही गोष्टींची सरमिसळ होऊ लागली आहे. आत्मकथनातील नायकाने न्यूनगंड, लाज, भीती आणि गरिबी यांवर मात करून नोकरी मिळविली, म्हणून विद्यार्थ्यांनीही तसे करावे, असा त्याचा सारांश सांगितला जातो. हा सारांश खोटा नाही. परंतु तो अपुरा आहे, आणि वर्गातील ज्या विद्यार्थ्यासाठी तो सांगितला जातो त्याच्यावर तो अन्याय करणारा आहे, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादन करावयाचे आहे. त्यासाठी दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८), किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) आणि नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' ही तीन आत्मकथने विचारात घेतली आहेत. ज्याला आपण 'वैयक्तिक अडथळा' म्हणतो तो या तिन्ही लेखकांनी कोठे दाखविला आहे, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

'बलुतं' : नोकरीनंतरचे एकाकीपण

'बलुतं'ची निवेदनपद्धती या दृष्टीने सूचक आहे. येथे दगडू मारुती पवार हा आपली कहाणी दया पवार यांना सांगतो. एकाच माणसाची ही दोन नावे म्हणजे केवळ वाङ्मयीन युक्ती नव्हे. धामणगावचा महारवाडा आणि मुंबईचा कावाखाना पाहिलेला दगडू हा एक. शिकून कारकुनी करणारा, पांढरपेशा समाजात वावरणारा दया हा दुसरा. रूढ यशोगाथेत नोकरी मिळाली की कथा संपते. येथे नोकरीनंतर नवीन दुखणे सुरू होते. मागे राहिलेल्या माणसांविषयीची अपराधी भावना आणि नव्या वर्तुळात पूर्णपणे सामावले न जाण्याची जाणीव या दोहोंत निवेदक अडकतो. पगाराने पोटाचा प्रश्न सुटतो, परंतु लाजेचा सुटत नाही. कारण ती लाज मुळात त्याच्या मनाने निर्माण केलेली नसून जातिव्यवस्थेने त्याच्या मनात ठेवलेली आहे. म्हणूनच केवळ न्यूनगंड सोडण्याच्या उपदेशाने ती जात नाही. ती उघडपणे सांगितल्यानेच तिचे ओझे हलके होते. 'बलुतं'चे लेखन हेच त्या अर्थाने निवेदकाचे खरे कर्तृत्व आहे.

'कोल्हाट्याचं पोर' : अर्जातील एक रकाना

किशोर काळे यांच्या आत्मकथनात अडथळा अधिक ठोस रूपात येतो. तमाशात नाचणाऱ्या आईचा हा मुलगा. वडिलांचे नाव लावण्याची सोय नाही, आणि शाळेच्या दाखल्यापासून पुढील प्रत्येक अर्जात नेमके तेच विचारले जाते. बापाचे नाव नसणे हा मुलाचा दोष नव्हे. परंतु कागदावरील रिकामा रकाना त्याला तो आपलाच दोष वाटावयास लावतो. अशा स्थितीतून शिकत मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचलेल्या लेखकाने मुखपृष्ठावर आईचे नाव मधोमध लिहिले. जे लपवावयाचे तेच त्याने ओळख म्हणून स्वीकारले. पदवीइतकेच हे पाऊल महत्त्वाचे आहे.

मात्र समीक्षकाने येथे थांबून चालणार नाही. ज्या घरांचे हे चित्रण आहे, त्या घरांतील पुरुष बसून खातात आणि स्त्रियांच्या नाचण्यावर चूल पेटते. शांताबाईंनाही शिकावयाचे होते. त्यांना ते करू दिले गेले नाही. मुलगा डॉक्टर होतो, आणि ज्या पिढीच्या कष्टांवर ते घर उभे होते ती पिढी मात्र तेथेच राहते. आईच्या दुराव्याचे दुःख लेखकाने उत्कटतेने मांडले आहे. परंतु त्या उत्कटतेत आईची स्वतःची बाजू अनेकदा मागे पडते. हे या आत्मकथनाचे न्यून म्हणता येईल. २००७ मध्ये लेखकाचे अपघाती निधन झाले. तरीही एकाच्या यशाने सर्वांची वाट मोकळी होत नाही, हे भान संहितेत आहे, आणि शिकविताना ते गाळता कामा नये.

'चाकाची खुर्ची' : नोकरी मिळविणे ते नोकरी निर्माण करणे

ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर कमरेखालील भाग निकामी झालेल्या नसीमा हुरजूक यांचे आत्मकथन बहुधा 'प्रेरणादायी' या शिक्क्याखाली वाङ्मयीन चर्चेबाहेर ठेवले जाते. त्याची भाषा साधी, प्रसंगी अहवालासारखी आहे, हे खरे. परंतु त्या साधेपणातच त्याचे सामर्थ्य आहे. निराशेच्या काळात बाबूकाका दिवाण यांची झालेली भेट येथे निर्णायक ठरते. स्वतः चाकाच्या खुर्चीवर असून स्वावलंबी जीवन जगणारा माणूस समोर दिसतो, तेव्हा धीर येतो. व्याख्यानाने तो येत नाही. पुढे केंद्रीय अबकारी व सीमाशुल्क खात्यातील नोकरीने त्यांना आर्थिक बळ दिले. परंतु पायऱ्या, स्वच्छतागृहे आणि प्रवास यांचे प्रश्न मनोधैर्याने सुटणारे नव्हते. म्हणूनच कोल्हापूरच्या 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' या संस्थेचे काम वसतिगृह, शाळा आणि रोजगार असे विस्तारत गेले. सिंधुदुर्गातील काजूप्रक्रिया उद्योग हा त्याचाच भाग. आपल्याला नोकरी मिळाली, यापुढे जाऊन इतरांना ती कशी मिळेल, येथपर्यंत ही कथा पोहोचते. तीनही आत्मकथनांत करिअर या शब्दाचा सर्वांत व्यापक अर्थ येथे सापडतो.

विवेचन :

तिन्ही संहितांमध्ये प्रयत्नाचे मोल निर्विवाद आहे. मात्र अडथळा मनात दिसला तरी त्याचे मूळ गावकुसात, अर्जाच्या रकान्यात आणि इमारतीच्या पायऱ्यांत आहे. अशी मुळे हलविताही येतात. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने शासकीय नोकऱ्यांत ३ टक्के आरक्षण दिले. २०१६ च्या कायद्याने ते ४ टक्के केले. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने शासकीय दस्तऐवजांत आईचे नाव बंधनकारक करण्याचा निर्णय घेतला. किशोर काळे यांनी मुखपृष्ठावर जे केले, त्यानंतर ३० वर्षांनी शासनाने ते कागदावर आणले.

प्रस्तुत लेखकाच्या वर्गात 'कोल्हाट्याचं पोर' शिकवून झाल्यावर एक विद्यार्थिनी मागे थांबली. शिष्यवृत्तीचा अर्ज तिने दोन वर्षे भरला नव्हता. वडील घर सोडून गेले होते, आणि त्यांच्या उत्पन्नाचा दाखला कसा मागावा, हे विचारण्याचीच तिला लाज वाटत होती. तिला जिद्दीचा धडा नको होता. कार्यालयात सोबत येणारे कोणीतरी हवे होते. अर्ज भरला गेला. त्यानंतर हे पुस्तक पूर्वीप्रमाणे शिकविता आले नाही.

समारोप :

सारांश, ही आत्मकथने केवळ यशोगाथा म्हणून शिकविल्यास अपयशी विद्यार्थ्याला स्वतःलाच दोषी मानण्याचे शिक्षण मिळते. 'तू कोठे कमी पडलास?' या प्रश्नाबरोबरच 'तुला कोठे अडविले गेले?' हाही प्रश्न अध्यापकाने विचारावयास हवा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर काही वेळा आपल्याच महाविद्यालयाच्या जिन्यात किंवा अर्जाच्या नमुन्यात सापडेल. ते स्वीकारण्याची तयारी ठेवणे, हाही वाङ्मयाच्या अध्यापनाचाच भाग होय.