‘स्पंदन’ आणि ‘झडप’ : रूपविकारी ताऱ्यांच्या उपपत्तीतील रूपकविचार

शास्त्रीय गद्यातील रूपक म्हणजे केवळ अलंकरण, असा समज रूढ आहे. एडिंग्टन यांच्या ‘दि इंटर्नल कॉन्स्टिट्यूशन ऑफ द स्टार्स’ (१९२६) ह्या ग्रंथातील रूपविकारी ताऱ्यांचे विवेचन ह्या समजास छेद देते.

वृषपर्वा तारकासमूहातील डेल्टा हा तारा सुमारे ५.३७ दिवसांच्या आवर्तनाने उजळतो व मंदावतो. गुडरिक यांनी १७८४ मध्ये ही गोष्ट हेरली; अशा ताऱ्यांचे आकारमानच आलटून पालटून वाढते व घटते, असा पक्ष शॅप्ली यांनी १९१४ मध्ये मांडला. परंतु असे आंदोलन कालांतराने शमावयास हवे. ते टिकते कशाने, हा खरा प्रश्न होय.

‘स्पंदन’ ही संज्ञा मराठी वाचकाचे मन हृदयाकडे नेते, आणि प्रेरणा ताऱ्याच्या गाभ्यातच असावी असे त्यास वाटते. येथे संज्ञा दिशाभूल करते. ह्या ताऱ्यांच्या केंद्राशी आंदोलन जवळजवळ नसतेच. एडिंग्टन यांनी ताऱ्यास उष्णतायंत्र कल्पून झडपेचे रूपक योजले : आकुंचनाच्या वेळी उष्णता कोंडावी, प्रसरणाच्या वेळी सोडावी. त्यासाठी दाबाखाली वायूची अपारदर्शकता वाढली पाहिजे, ही अट त्यांनी स्पष्टपणे सांगितली. सामान्य नियम मात्र उलट आहे. दाबलेला वायू तापतो व अधिक पारदर्शक होतो.

ही अट कोठे पुरी होते, ते झेवाकिन यांनी १९५३ मध्ये दाखविले. सुमारे ४०,००० अंश तापमानाच्या बाह्य थरात हेलियमचे दुसरे आयनीभवन चालते. तेथे दाबाची ऊर्जा बव्हंशी इलेक्ट्रॉन विलग करण्यात खर्ची पडते. घनता वाढते, तापमान फारसे वाढत नाही, आणि अपारदर्शकता वाढते. बेकर व किपेनहान यांच्या १९६२ च्या गणिताने ह्यास बळकटी आणली.

रूपकाने अशा प्रकारे शोधाची अट आधीच निश्चित केली होती. तथापि त्यासही मर्यादा आहे. यंत्रातील झडप वाफेहून वेगळी असते. ताऱ्यात वायूच झडपेचे कार्य करतो. ‘स्पंदन’ ही संज्ञा टाकण्याचे कारण नाही. मात्र ती घटनेचे वर्णन करते, कारणाचे नव्हे. हा विवेक सुटला, तर परिभाषा ज्ञानाचे साधन न राहता भ्रमाचे निमित्त होईल.