मूळ संहितेपासूनचे अंतर : ब्रिटिश विद्यार्थ्यांचे परभाषाज्ञान आणि तौलनिक साहित्य

यापुढे भाषांतराभ्यास ही मुख्य ज्ञानशाखा मानावी आणि तौलनिक साहित्याला तिची उपशाखा समजावे, असे सुसान बॅसनेट यांनी १९९३ मध्ये प्रतिपादन केले. त्याची चर्चा प्रामुख्याने सैद्धान्तिक पातळीवर झाली. समोरच्या विद्यार्थ्याला परभाषा कितपत वाचता येते, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

हा प्रश्न जुना आहे. ग्रीकची सक्ती केंब्रिजने १९१९ मध्ये व ऑक्सफर्डने १९२० मध्ये उठवली. लॅटिनची अट १९६०च्या सुमारास गेली. आधुनिक भाषांच्या अध्यापनावरही अभिजात भाषांच्या शिस्तीचा ठसा दीर्घकाळ होता. रासीनचे नाटक बारकाईने वाचणारा पदवीधर पॅरिसमध्ये साध्या संभाषणात अडखळे, हे त्या शिक्षणाशी सुसंगतच होते. पुढे संभाषणाला महत्त्व आले. तेव्हा या इतिहासाला सरसकट ‘ऱ्हास’ म्हणणे घाईचे ठरेल.

२००४ नंतरचे चित्र मात्र वेगळे आहे. त्या वर्षी इंग्लंडमध्ये वयाच्या चौदा वर्षांनंतरची परभाषेची सक्ती संपली. २००२ मध्ये सुमारे तीन-चतुर्थांश विद्यार्थी जी.सी.एस.ई. परीक्षेला एखादी परभाषा घेत. २०११ मध्ये हे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास आले. जर्मन, इटालियन यांसारख्या भाषा मुळाक्षरांपासून शिकवणे विद्यापीठांच्या अंगवळणी पडले. असा विद्यार्थी परदेशातील वर्षानंतर बोलू लागतो. जुन्या, अवघड संहितेसाठी त्याच्यापाशी उरणारा अवधी थोडा असतो.

बॅसनेट यांची भूमिका या घसरणीआधीची आहे. तिला घसरणीचे अपत्य म्हणता येणार नाही. पण १९९३ मध्ये जो पर्याय होता, तो पुढच्या वर्गात अपरिहार्यता बनला, आणि हा भेद नजरेआड करणे सोयीचे ठरले. मूळ भाषा जाणणाऱ्याला भाषांतरकाराने काय निवडले व काय सोडले हे दिसते. न जाणणाऱ्यासाठी भाषांतर हीच संहिता होते. भाषांतराभ्यासाला जे तपासायचे, तेच दिसेनासे होते. २००६ मध्ये बॅसनेट यांनी स्वतःच आपला पूर्वीचा युक्तिवाद सदोष ठरवून, दोन्ही ज्ञानशाखा नसून साहित्याकडे जाण्याच्या पद्धती आहेत, असे म्हटले. पद्धत म्हटली तरी ती वापरण्यास दोन भाषा लागतातच.

लेस्टर, ब्रॅडफर्ड येथील वर्गांत घरी गुजराती, पंजाबी वा उर्दू बोलणारे विद्यार्थी असतात. घसरणीच्या चर्चेत त्यांची द्विभाषिकता क्वचितच मोजली जाते. त्यांच्यापैकी अनेकांना घरच्या भाषेची लिपी येत नाही. ती शिकवण्यास काही महिने पुरतात, फ्रेंच संहितेपर्यंत नेण्यास काही वर्षे.